गुरांमागचा बगळा : एका व्हिएतनामी शब्दाची कथा

गाय चरू लागली की तिच्या पायाशी पांढरा बगळा येऊन उभा राहतो, हे गुराख्याच्या पोराला कुणी सांगावे लागत नाही. आपण त्याला गायबगळा म्हणतो. व्हिएतनामच्या भातखाचरांत तो म्हशींमागे हिंडतो, आणि तिथे त्याचे नाव आहे ‘कॉ रुओइ’. ‘कॉ’ म्हणजे बगळा आणि ‘रुओइ’ म्हणजे माशी. आपण पाखराशेजारची गाय पाहिली, त्यांनी गुरांवरची माशी पाहिली! खरे म्हणजे त्याच्या पोटात जास्त जातात ते नाकतोडे. खुरांनी गवत हलले की ते उडतात, अन्‌ याला आयते सापडतात.

श्रोतेहो, यातला ‘कॉ’ हा शब्द आवाज खाली उतरवीत म्हणायचा. तोच आवाज आधी उतरवून मग वर नेला, तर अर्थ होतो गवत. नुसता वर चढवला, तर ‘असणे’. म्हणजे बगळा आणि त्याच्या पायाखालचे गवत यांत फरक केवळ सुराचा. हे सूर कागदावर दाखवायचे कसे? पूर्वी तिथे चिनी वळणाची अक्षरे लिहीत. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी रोमन अक्षरांना सुरांच्या खुणा जोडल्या. अलेक्सांद्र द रोद या पाद्र्याचा व्हिएतनामी शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. तिकडे जाण्यापूर्वी हा गृहस्थ आपल्या गोव्यात राहिला होता. तिथे १६१६ साली मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीतच छापले गेले होते. आपल्याकडे ती लिपी रुजली नाही. व्हिएतनामची मात्र आज तीच लिपी आहे.

पण या शब्दाचे मोल कळायला कोश पुरत नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या, तशी तिकडे शेतकऱ्यांची लोकगीते. त्यांत बगळा म्हणजे कष्टकरी बाई : दिवसभर चिखलात पाय, आणि मिळालेला घास पिलांसाठी. एका गीतात नदीकाठी वावरणारी बगळी तांदळाची कावड खांद्यावर घेऊन नवऱ्याला पोहोचवायला निघते आणि रडते. नवरा चालला आहे दूर उत्तरेच्या डोंगरांत, काओ बांगला. माक घराण्याने १५९२ साली राजधानी गमावल्यावर याच मुलखात ठाण मांडले, ते १६७७ पर्यंत. त्या लढायांना गावोगावची माणसे नेली गेली, त्याची ही आठवण असावी असे मला वाटते. बखरकार सेनापतींची नावे लिहितात. मागे राहिलेल्या बाईची नोंद ठेवली ती या गाण्यांनी.

पुढे त्रान ते सुओंग (१८७०–१९०७) हा कवी झाला. सरकारी परीक्षांत तो वारंवार नापास होई, आणि नदीकाठी व्यापार करून त्याची बायको त्याला व पाच मुलांना पोसत असे. तिच्यावर त्याने कविता लिहिली. तिच्या देहाला शब्द वापरला तो हाच, ‘कॉ’; आणि कवितेच्या शेवटी तो नवऱ्यालाच शिव्या देतो.