हिरडस मावळातला हिरडा

मंडळी, हिरडस मावळ म्हटले की आपल्याला बांदल देशमुख आठवतात, १६६० साली घोडखिंडीत पडलेले बाजीप्रभू आठवतात. पण भोरकडच्या या मुलखाला नाव मिळाले ते हिरड्याच्या झाडावरून, असे मानतात. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) इथल्या डोंगरांत हे झाड आजही उभे आहे. आम्ही इतिहासवाले लढायांच्या नादात झाडांना विसरतो, एवढे खरे.

इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून हिरडा विलायतेला जाई तो कातडी कमावण्यासाठी. हिरडा चघळला की जीभ आखडते ना? तो तुरटपणा टॅनिनचा. हेच टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरते, मग कातडे कुजत नाही. शिक्षकांनी वर्गात बाळहिरडा कुटून पाण्यात भिजवावा आणि त्यात गंजका खिळा टाकावा. पाणी काळे होते. पूर्वी शाईही अशीच करीत.

घरी मात्र हिरडा औषधाचा. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला त्रिफळ्याच्या काढ्यात भिजवलेले जव सांगितले आहेत. प्रमेह आणि आजचा मधुमेह अगदी एकच नव्हेत, तरी नाते जवळचे आहे.

आता मधुमेहात बिघडते काय? रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, कणगी आतून सारवावी तसा. रक्तात साखर फार दिवस चढलेली राहिली की ती प्रथिनांना चिकटते. साखर आणि प्रथिनांचे घटक यांची ही गाठ फ्रान्सच्या मायार यांनी १९१२ साली दाखवली. भाकरीवर तांबूस डाग पडतात तेही याच क्रियेने. अशी डागाळलेली प्रथिने त्या थराला छळतात. पेशींत प्राणवायूची दाहक रूपे वाढतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे चिकटू लागतात, अस्तर पाझरते. डोळे, मूत्रपिंडे, पाय यांना त्याची झळ पोचते.

२०१० साली कोरियातील संशोधकांनी हिरड्यातून चेब्युलिक आम्ल वेगळे काढले आणि नाळेच्या शिरेतल्या पेशींवर ते तपासले. डागाळलेल्या प्रथिनांचा त्रास त्या पेशींना कमी झाला. चिकटणे घटले, अस्तर सावरले. वनस्पतीतली अशी द्रव्ये त्या दाहक रूपांना शमवतात, म्हणून त्यांना ऑक्सिडीकरणरोधक म्हणतात.

पण बरे का, काचेच्या बशीतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. खाल्लेल्या हिरड्यातून ते आम्ल रक्तवाहिनीपर्यंत पुरेसे पोचते का, हे त्या प्रयोगात पाहिलेले नव्हते. तेव्हा गावात कोणी ‘हिरडा घे, गोळी सोड’ म्हणाला, तर त्याचे ऐकू नका. हिरडा घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण गोळीबरोबर साखर जास्त उतरण्याचाही संभव असतो. आणि भाताच्या खाचरात अनवाणी उतरणाऱ्या मधुमेह्याने रोज संध्याकाळी तळपाय उजेडात पाहावेत. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही.