ग्राफिक्स कार्ड नवं, एसएमपीएस जुनाच? गडचांदूरच्या उन्हाळ्यात टिकणारा पॉवर सप्लाय कसा निवडायचा

गेम सुरू होतो, दहा मिनिटं नीट चालतो आणि ऐन लढाईत स्क्रीन काळी पडते. कॉम्प्युटर एकदम बंद. बटण दाबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर असं होऊ लागलं की बहुतेक जण कार्डालाच दोष देतात, कुणी विंडोज पुन्हा टाकून बघतं. अनेकदा खरी गडबड असते ती कॅबिनेटच्या कोपऱ्यातल्या लोखंडी डब्यात. त्याला आपल्याकडे सगळे एसएमपीएस म्हणतात.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज करून प्रत्येक पार्टला पुरवायची, हे या डब्याचं काम. रॅम बिघडली तर फक्त रॅम जाते. एसएमपीएस वाईट पद्धतीने बिघडला, तर सोबत मदरबोर्ड, एसएसडी आणि नुकतंच घेतलेलं कार्डही जाऊ शकतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यातलं गडचांदूर हे सिमेंट कारखान्यांचं शहर. जिल्ह्यात २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, म्हणून घरातला व्होल्टेज कायम स्थिर राहील असं मात्र नाही. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं इथे नेहमीचं. एसएमपीएसच्या खोक्यावरचे दावे वाचताना हे दोन्ही लक्षात ठेवावं लागतं.

४५० वॅट म्हणजे नक्की किती?

कॅबिनेटसोबत फुकट किंवा हजाराच्या आत मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो आकडा सोडा आणि बाजूचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्हींची भूक याच लाइनवर भागते.

समजा तिथे १४ अँपिअर लिहिलेत. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. वजनातला फरक तर हातात घेतल्यावरच कळतो.

आता गरज किती ते पाहू. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची वीज १७० वॅट, आरटीएक्स ४०६० ची ११५ आणि ४०७० ची २०० वॅट. इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी यांचे साठेक वॅट धरले तरी ३०६० वाला पीसी साडेतीनशेच्या आत राहतो. मग कंपनी या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस का सुचवते? एक तर कार्ड क्षणभरासाठी नेमून दिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. दुसरं, समोरच्याचा एसएमपीएस किती खरा आहे हे कंपनीला माहीत नसतं. हे झटके लक्षात घेऊनच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं. त्यानुसार बनलेल्या मोठ्या कार्डांसाठीच्या एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार सोसता यायला हवा. गडचांदूरच्या गेमरला मधल्या पल्ल्याच्या कार्डासाठी ५५० ते ६५० वॅट पुरतात. ८५० वॅट घेऊन काही बिघडत नाही, पण तेच पैसे चांगल्या बनावटीच्या ६५० वॅटवर घालणं शहाणपणाचं.

गोल्ड स्टिकर काय सांगतं आणि काय सांगत नाही

‘८० प्लस’ हा कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कॉम्प्युटरला मिळते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढंच तो मोजतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भाराला ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. पीसी ३०० वॅट घेत असेल आणि रोज चार तास गेमिंग असेल, तर या फरकातून वर्षाला जेमतेम २९ युनिट वाचतात. बिलासाठी गोल्ड घ्यायचा हिशेब काही जमत नाही.

आणि ही चाचणी होते सुमारे २३ अंश तापमानात. गडचांदूरच्या मे महिन्यात २३ अंश पहाटेही मिळत नाहीत.

स्टिकरवर विसंबून काय होऊ शकतं हे २०२१ मध्ये जगाने पाहिलं. गिगाबाइटच्या जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम या दोन्ही मॉडेल्सवर गोल्डचा शिक्का होता. तरीही काही नग जास्त भाराखाली फुटल्याच्या तक्रारी आल्या. ‘गेमर्स नेक्सस’ या अमेरिकन यूट्यूब चॅनेलने चाचण्यांत ते दाखवून दिलं. कंपनीने त्या ऑगस्टमध्ये निवेदन काढलं, ठरावीक नग बदलून देण्याची तयारी दाखवली आणि अतिभार संरक्षणाची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० टक्क्यांवर आणल्याचं सांगितलं. म्हणजे ७५० वॅटचा डबा आधी ११२५ वॅटपर्यंत भार ओढू देत होता.

म्हणून खोक्यावर ओव्हर करंट, ओव्हर पॉवर, शॉर्ट सर्किट आणि मुख्य म्हणजे ओव्हर टेम्परेचर संरक्षण आहे का ते शोधा. हे शेवटचं स्वस्त मॉडेल्समध्ये सर्रास गाळलेलं असतं. मॉडेलचा पूर्ण क्रमांक टाकून स्वतंत्र चाचणी वाचा, कारण एकाच ब्रँडचा एक एसएमपीएस उत्तम आणि दुसरा सुमार असू शकतो.

ऊन, धूळ आणि कूलर

कंपनीच्या वेबसाइटवर ‘पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत’ ही ओळ असते. काहींचं उत्तर ४० अंश, काहींचं ५०. विदर्भात ५० वालाच घ्यावा. खोलीत ४० अंश असतील, तर कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त असतात. आतले कपॅसिटर उष्णतेनेच म्हातारे होतात. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून ८५ अंशांच्या ऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला एसएमपीएस बघावा.

धुळीबद्दल गडचांदूरकरांना सांगायला नको, ती इथली जुनी तक्रार आहे. त्यात कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर आली, की धूळ आत चिकटून बसते. कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवू नका आणि खालची जाळी दर पंधरवड्याला झटका. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

आधी घराची वायरिंग बघा

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो, पण स्पाइक गार्डही अर्थिंगशिवाय अर्धाच उपयोगाचा. नवा एसएमपीएस घेऊन हे सुटत नाही, त्यासाठी वायरमनच लागतो.

वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असेल, तर ते यूपीएसवर ठेवा. इकोवर बदलायला लागणारा वेळ याहून जास्त असू शकतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसशी त्याचं अनेकदा पटत नाही. साइन वेव्हचा हवा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. त्यावर गेम खेळत बसू नका, सेव्ह करून पीसी बंद करा.

खरेदी करताना

चांगला ५५० वॅट ब्राँझ साधारण साडेतीन ते पाच हजारांत येतो आणि त्यावर पाच वर्षांची वॉरंटी मिळू शकते. चंद्रपूर किंवा नागपूरहून घेत असाल, तर बिघडल्यावर परत कुठे द्यायचा हे बिल करण्याआधीच विचारा. ऑनलाइन घेतलात तर खोकं आणि बिल जपून ठेवा.

बसवताना सगळ्या केबल नव्या एसएमपीएसच्याच वापरा. मॉड्युलर केबलचं एसएमपीएसकडचं टोक दिसायला सारखं असलं, तरी त्यातली पिनांची रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. जुनी केबल बसतेय म्हणून तीच लावली, तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी पहिल्याच बटणाला जळू शकते. हे नुकसान बहुधा वॉरंटीत बसत नाही.