झटका थांबतो, पण…

फेफरे येते, मिनिट-दोन मिनिटांत ओसरते आणि माणूस हळूहळू भानावर येतो. बहुतेक वेळा असेच घडते. पण कधी कधी झटका थांबतच नाही. पाच मिनिटांहून अधिक चाललेल्या अशा झटक्याला डॉक्टर 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात. पॅरिसमध्ये लुई काल्मेय यांनी १८२४ साली आपल्या प्रबंधात या अवस्थेचे वर्णन केले. तेव्हा डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच नव्हते.

१९१२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी अपस्मारावर फेनोबार्बिटलचा उपयोग दाखवून दिला. पुढे त्याच बार्बिट्युरेट कुळातली भुलीची औषधे आली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाला गाढ बेशुद्धीत न्यायचे, यंत्राने श्वास चालू ठेवायचा आणि मेंदूतले वादळ शमू द्यायचे, अशी रीत पडली. झटके थांबत, पण रक्तदाब कोसळे, जंतुसंसर्ग होई आणि औषध अंगातून लवकर उतरत नसे.

म्हणून १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये प्रोपोफॉल आले तेव्हा डॉक्टरांना हायसे वाटले. दुधासारखे पांढरे हे औषध शिरेतून देताच झोप लागे, बंद करताच जाग येई. शस्त्रक्रियेच्या तासा-दोन तासांसाठी ते उत्तमच होते. अतिदक्षता विभागात मात्र ते दिवसच्या दिवस चालू राहू लागले.

१९९२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पाच बालकांच्या मृत्यूची हकिगत आली. श्वसनाच्या आजारात शांत ठेवण्यासाठी त्यांना प्रोपोफॉल दिले होते. रक्तातले आम्ल वाढले, ठोके मंदावले, हृदय थकले. १९९८ मध्ये रॉबर्ट ब्रे यांनी या विकाराला 'प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम' असे नाव दिले. या औषधाच्या मोठ्या मात्रेने पेशींतील ऊर्जानिर्मिती बिघडते. स्नायू विरघळू लागतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. ताशी दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅमहून जास्त मात्रा ४८ तासांपेक्षा अधिक काळ दिल्यास धोका वाढतो, असा इशारा मिळाला.

खरी अडचण इथेच आहे. न थांबणाऱ्या झटक्यांना नेमकी मोठी मात्रा लागते आणि तीही दीर्घकाळ. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या डॉक्टरांनी १७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भुलीची औषधे मिळालेल्यांत जंतुसंसर्ग आणि मृत्यू अधिक आढळले. अर्थात ही औषधे मुळात जास्त गंभीर रुग्णांनाच दिली जातात. त्यामुळे सारा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही. न थांबणारा झटकाही मेंदू जाळतोच. म्हणून आज मात्रा आणि तास मोजत, रक्ताच्या तपासण्या करत ही औषधे वापरली जातात.

या इतिहासात आपल्यासाठीही एक धडा आहे. झटका लवकर आटोक्यात आला, तर भुलीपर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडे अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. त्यापेक्षा रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटे झाली की दवाखाना गाठायला हवा.