घराची ओल आणि जाणता माणूस



नवरात्राचे घट बसण्याआधी घरातली एकूण एक वाकळ, चादर, घोंगडे धुऊन काढायची आपल्या कोल्हापूर भागात रीत आहे. पितृपक्षाच्या सुमारास नदीकाठी, ओढ्यावर, विहिरीवर धुण्याची नुसती जत्रा भरते. बायाबापड्या भिंती झाडतात, कोनाडे पुसतात, उतरंडी खाली घेतात. याला आपण देवीच्या स्वागताची तयारी म्हणतो आणि ती आहेच. पण पंचांग घटकाभर मिटून आभाळाकडे पाहिले, तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मृगापासून घर ओल खात असते. भाद्रपद संपता संपता पहिले कडक ऊन पडते. घरात बुरा सगळ्यात जास्त धरलेला असतो तो याच वेळी, आणि वाळवायला ऊन मिळते तेही याच वेळी. पुढे दसऱ्याला पोथ्या-पुस्तके फडक्यातून बाहेर निघतात आणि दिवाळीला भिंतीला चुना लागतो. बुरशी हा शब्दही न उच्चारता आपल्या पूर्वजांनी तिच्याविरुद्धची मोहीम सणावारांत बसवून टाकली होती.

इतिहासाच्या माणसाने लढाया आणि तहनामे सोडून बुरशीवर कशाला बोलावे, असे कुणी म्हणेल. पण माणूस घर बांधून राहू लागला तेव्हापासून हे भांडण चालू आहे. त्याच्या फार जुन्या लेखी नियमांपैकी एक बायबलच्या जुन्या करारात, लेवीय नावाच्या पुस्तकात आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले की घरमालकाने याजकाला, म्हणजे त्या काळच्या जाणत्या माणसाला, कळवायचे. तो येण्याआधी घर रिकामे करायचे. तो पाहणी करून घर सात दिवस बंद ठेवणार. चट्टे पसरले असतील तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा खरवडायचा, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही चट्टे परत आले, तर घर पाडायचे. यातला धर्मविधीचा भाग सोडून द्या, पद्धत पाहा. आधी पाहणी, मग वाट पाहणे, मग रोगट भाग काढणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर मोठा उपाय. नुसता वरून रंग मारून मोकळे व्हा, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही.

आपल्या जुन्या घरात बुरशी नव्हती असे मी म्हणणार नाही. जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्यांनी गगनबावड्याकडच्या धुवांधार पावसात चार महिने एखाद्या कौलारू घरात काढून पाहावेत. पण त्या घराला श्वास घेता येत होता. भेंड्याची भिंत, मातीचा गिलावा, वर चुन्याचा हात. पाणी आत शिरले तरी ऊन पडताच तसेच बाहेर निघून जाई. कौलांच्या फटीतून वारा खेळे. जोते उंच असे. ओला चुना इतका दाहक असतो की त्यावर बुरशीला मूळ धरता येत नाही. शिवाय माजघरात चूल असे. तिच्या धुराने बायकांचे डोळे आणि छाती पोखरली, हे खरे, आणि गॅस आला ते चांगलेच झाले. पण चुलीबरोबर घर वाळवणारी शेगडीही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आपण आणले नाही, हेही खरे.

चुन्याची आणखी एक आठवण आहे, ती मात्र कडवट. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तेव्हा समजूत अशी की रोग घराच्या घाणीत आणि ओलीत असतो. म्हणून सरकारी माणसे घरात शिरत, भिंतींना चुना फासत, उजेड आत यावा म्हणून छपराची कौले काढत, आणि राहण्यास नालायक ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरे रंगवत. पुण्यात १८९७ साली याच तपासण्यांचा जाच इतका झाला की त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. उंदराच्या पिसवेचा धागा पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरला १८९८ साली सापडला. म्हणजे चुन्याने प्लेग हटला नाही. पण घर तपासायला येणारा माणूस म्हणजे संकट, ही धास्ती लोकांच्या मनात बसली. आजही भिंतीला ओल आली तर आपण पाहुण्यांपासून लपवतो, तिच्यापुढे कपाट सरकवतो. कपाटामागे वारा नसतो, त्यामुळे बुरशीचे तर फावतेच!

पुढे सिमेंट आले. घरे पक्की झाली, पण भिंतींनी श्वास घेणे सोडले. सिमेंटच्या गिलाव्यात आणि ऑइलपेंटखाली कोंडलेले पाणी बाहेर पडत नाही. ते पोपडे आणते, कुबट वास आणते आणि काळे ठिपके उमटवते. इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण गावात नेहमी गोंधळ होतो. भिंतीवर पांढरी भुकटी येते तो बहुधा लोणा असतो, म्हणजे भिंतीतले क्षार. पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही, ती मऊ असते आणि तिला वास असतो. पण दोन्हींचे सांगणे एकच: भिंतीत पाणी आहे.

हे पाणी किती असू शकते ते आपण २०१९ साली पाहिले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत तेच पुन्हा घडले. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावे कित्येक दिवस पाण्यात होती. पूर ओसरल्यावर जी घाई झाली, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. २०१९ ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती. पुराला जेमतेम अडीच महिने झालेले. सणाला घर उदास दिसू नये म्हणून अनेकांनी ओल्या भिंतींवरच रंग चढवला. भावना समजते. पण दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिलेली जाड भिंत अडीच महिन्यांत आतून कोरडी होईलच असे नाही. वरून गुलाबी, आत ओली, अशी ती भिंत पुढच्या पावसाळ्यात घरातल्या खोकणाऱ्या पोराच्या उशाशी काळी पडते. दम्याच्या माणसाला, तान्ह्या मुलांना, म्हाताऱ्यांना ओलसर घर बाधते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, ती यासाठीच.

२०२१ साली एक नवी भीती भर घालून गेली. कोरोनातून उठलेल्या काही रुग्णांना म्युकरमायकोसिस झाला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. झाले! भिंतीवर काळा ठिपका दिसला की लोकांच्या पोटात गोळा. तो रोग वेगळा. ती बुरशी मातीत, कुजक्या पालापाचोळ्यात सगळीकडेच असते, आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्या किंवा स्टिरॉइड घेतलेल्या, शक्ती खचलेल्या माणसाला गाठते. भिंतीच्या काळ्या डागाने धडधाकट माणसाचा डोळा जात नाही. मात्र ज्यांची शक्ती खचली आहे त्यांनी बुरशी खरवडायला हात लावू नये, हे दोन्ही बाबतींत खरे.

मग घरच्या घरी किती करावे? साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद, एवढा डाग असेल आणि भिंत पक्की असेल, तर घरच्या धडधाकट माणसाने तो काढायला हरकत नाही. खिडक्या उघडाव्यात, पोरांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर बसवावे. नाकातोंडाला नुसता रुमाल पुरत नाही. कोरोनाच्या दिवसांत आणलेला एन-९५ मास्क बांधावा, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. कोरडा खराटा मारला की बी घरभर उडते, म्हणून आधी ओले करावे, साबणाच्या पाण्याने घासावे, पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. काहीजण ब्लीचिंग पावडर वापरतात. ती वापरलीच, तर संडास धुण्याच्या ॲसिडात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, ईप्र येथे जर्मनांनी सैनिकांवर सोडला तो हाच वायू. न्हाणीघरात तो तयार करण्याची गरज नाही. भिजलेली कापसाची गादी आणि उशी मात्र दोन दिवसांत खणखणीत वाळली नाही तर मोह सोडावा. टाकण्याआधी फोटो काढून ठेवावा, पंचनाम्याला उपयोगी पडतो.

धान्याचे तर त्याहून कडक. १९६० साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीतले विष सापडले. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन नाव पडले. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. भिंत पुसता येते, शेंगदाणा पुसता येत नाही. भाजून, शिजवून ते विष पुरते जात नाही. “आम्ही नाही खात, म्हशीला घालतो,” असे कुणी म्हणते. पण ते विष म्हशीच्या दुधातून परत आपल्याच घरात येते.

आता जाणत्या माणसाकडे वळू. डाग पुसल्यावर महिन्याभरात त्याच जागी परत आला, तर घासणे थांबवावे. तो डाग पाण्याची वाट दाखवतो आहे. पाणी छतातून येते, फुटक्या नळातून येते की जमिनीतून वर चढते, हे अनुभवी गवंडी किंवा प्लंबर शोधील. भिंत फुगली, कलली, तडकली किंवा पुराचे पाणी जोत्यावर चढून राहिले, तर स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्या खोलीत झोपू नये. पूर ओसरल्यावर घरात पहिले पाऊल ठेवण्याआधी मेन स्विच आणि वायरमन, झाडू त्यानंतर. बुरशी भिंतभर पसरली असेल, मैलापाणी शिरले असेल, किंवा शाळेच्या खोलीत मुले बसत असतील, तर ते घरच्या फडक्याचे काम राहत नाही. शिक्षकबंधूंना विनंती अशी की अशी खोली मुलांकडून साफ करवून घेऊ नये. ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि वर्ग दुसरीकडे भरवावा. आणि घरातल्या कुणाचा खोकला, धाप त्या खोलीत वाढत असेल, बाहेर गेल्यावर उतरत असेल, तर ही गोष्ट नेमक्या याच शब्दांत डॉक्टरांना सांगावी. डॉक्टर छाती तपासतात, घराची भिंत त्यांना दिसत नाही.

जाणत्या माणसाची सर्वांत जास्त गरज कागदाला असते, आणि तिथेच आपण सर्वांत कमी विचारतो. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला, तेव्हा तिथल्या ग्रंथालयांतही हेच झाले होते. जगभरचे तज्ज्ञ आणि तरुण स्वयंसेवक तिथे धावले. ओले पुस्तक कसे वाचवावे याचे आजचे शास्त्र बरेचसे त्या चिखलातून वर आले. भिजलेला कागद लगेच वाळवता येत नसेल तर तो गोठवून ठेवावा, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येते, ही युक्ती पुढे रूढ झाली.

आपल्याकडे कितीतरी वाड्यांत, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांत मोडी कागदांची बाडे पोटमाळ्यावर पडून आहेत. त्यांना वाकळेसारखे कडक उन्हात घालू नये; कागद तडकतो, शाई उडते. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. थोडे दमट झाले असेल तर सावलीत, वाऱ्यावर, पानांमध्ये टिपकागद घालून ठेवावे. खरोखर भिजले असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दूधसंस्थेच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या फ्रीजरमध्ये जागा मिळते का पाहावे, आणि दरम्यान कोल्हापूरच्या पुरालेखागारात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन विचारावे. बाड उलगडून नेऊ नये. आहे तसे, बांधलेल्या दोरीसकट, पाटीवर सपाट ठेवून न्यावे.