वडिलांचा शब्द आणि मुलाचे मत
(दोन घरांच्या इतिहासातून)

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय त्यांनी माझ्यावरच सोपविला होता, आणि तो मला गेल्या वार्षिक संमेलनातच मिळाला होता. भोजनोत्तर मंडपात आम्ही चार वृद्ध पानसुपारीला बसलो असता बोलणे नेहमीच्या वळणावर गेले. ‘हल्लीची मुले ऐकत नाहीत. आमच्या वेळी वडिलांसमोर मान वर करण्याची प्राज्ञा नव्हती.’ पलीकडे तरुण मंडळींचा घोळका होता. त्यांचेही बोलणे अधूनमधून कानी येत होते, आणि त्याचा मथितार्थ एवढाच की, घरातील मोठ्यांना काही समजावून सांगण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे तक्रार एकच होती. फक्त तिची तोंडे दोन दिशांना होती.

घरी आल्यावर मी विचार करू लागलो. वडिलांचा शब्द म्हणजे वेदवाक्य आणि मुलगा म्हणजे आज्ञाधारक, असा काळ खरोखरच होता काय? पस्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता येत नाही. आपल्या महाराष्ट्रात पिता-पुत्रांचे, सासू-सुनांचे जेवढे तीव्र मतभेद गेल्या दीडशे वर्षांत झाले, तेवढे क्वचितच इतरत्र झाले असतील. त्यांपैकी दोन घरांची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

पहिले घर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. १८४२ साली निफाड येथे जन्मलेले आणि कोल्हापुरात वाढलेले माधवराव मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. १८५६ साली विधवाविवाह कायदेशीर झाला; पण कायदा झाला म्हणून रूढी बदलत नाही. पुढे विष्णुशास्त्री पंडित यांनी या प्रश्नाचा ध्वज उभारला आणि माधवरावांनी त्यांना हिरिरीने साथ दिली. अशा गृहस्थाची पहिली पत्नी सखुबाई १८७३ साली निवर्तली. त्या वेळी माधवराव एकतीस वर्षांचे असून पुण्यास न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. मित्रांना वाटले, आता बोलण्याप्रमाणे वागण्याची वेळ आली. हे विधवेशी विवाह करतील.

त्यांचे वडील गोविंदराव यांनाही नेमके तेच वाटले, आणि तीच त्यांची भीती होती. त्यांनी विलंब न लावता त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची कन्या पसंत केली. मुलगी अकरा वर्षांची होती. माधवरावांनी विनवणी केली, मुदत मागितली. वडिलांनी ऐकले नाही. तू हे न करशील तर मी कोल्हापूरला निघून जाईन, तुझा-माझा संबंध संपला, अशा अर्थाचे निर्वाणीचे बोलणे झाले. मुलगा नमला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विवाह झाला, आणि सुधारकांच्या नेत्यावर सुधारकांनीच टीकेची झोड उठविली. ती टीका अन्याय्य होती असे म्हणवत नाही.

परंतु वडिलांनाही खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही. त्या काळी बहिष्काराचा अर्थ काय होता, हे आजच्या वाचकांनी ध्यानी घेतले पाहिजे. बहिष्कृताच्या घरी भटजी येत नसे; पंक्तीला त्याचे पान मांडले जात नसे; त्याच्या मुलीबाळींना स्थळ मिळत नसे; आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यावयास चार माणसे मिळण्याची पंचाईत. मुलाचे मत मुलाचे एकट्याचे असते, त्याचे प्रायश्चित्त मात्र साऱ्या घराला घ्यावे लागते, असा गोविंदरावांचा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा नव्हता. तो अपुरा होता. त्यात त्या अकरा वर्षांच्या मुलीला काय वाटते याचा आकडा कोठेच मांडलेला नव्हता.

तो आकडा पुढे तिने स्वतःच मांडला. माधवरावांनी विवाहानंतर लागलीच रमाबाईंच्या हाती पाटी दिली. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले. आणि आता झगडा पिता-पुत्रांतून माजघरात शिरला. सुनेने इंग्रजी वाचावे, सभांना जावे, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना रुचणारे नव्हते. त्यांनी तिला बोल लावले, टोचून खाल्ले. हे सर्व रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे, आणि विशेष हे की, ते लिहिताना त्यांच्या लेखणीला कडवटपणा शिवलेला नाही. छळणाऱ्या बायकाही परंपरेच्या दावणीला बांधलेल्याच होत्या, हे त्या जाणून होत्या. न्यायमूर्ती १९०१ साली वारले. त्यानंतर आठ वर्षांनी, १९०९ साली, पुण्याच्या सेवासदनाची स्थापना झाली आणि रमाबाईंनी उरलेले आयुष्य त्या संस्थेला वाहिले. सासऱ्याने मुलाला सुधारणेपासून परावृत्त करण्यासाठी आणलेली सून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाची आधारस्तंभ झाली. इतिहासाचा न्याय हा असा असतो!

याच रानड्यांची आणखी एक गोष्ट. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर चहा देण्यात आला. हजर असलेल्यांत रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापविली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य उभे राहिले. एक पेला चहा, पण प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले! अखेर १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते स्वतःसाठी नव्हे, मित्रांसाठी. त्या मित्रांच्या घरची म्हातारी माणसे व्याकूळ झाली होती, मुलींची लग्ने अडली होती. पुढाऱ्याने मान तुकविली तर इतरांची वाट मोकळी होणार होती. हा दुबळेपणा की थोरपणा, यावर आजही वाद घालता येईल. मला एवढेच दिसते की, या माणसाने आपल्या मताची किंमत दुसऱ्याच्या घरातील वृद्धांना मोजावयास लावली नाही.

आता दुसरे घर. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. घरची गरिबी, शिक्षणासाठी केलेले कष्ट, हे सर्व आपण शाळेत वाचलेले आहे. १८९१ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, आणि त्याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. रानड्यांपुढे अठरा वर्षांपूर्वी जो प्रश्न होता, तोच आता कर्व्यांपुढे आला. त्यांनी त्याचे उत्तर निराळे दिले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुण्यात विवाह केला. याच पुढे आनंदीबाई अथवा ‘बाया कर्वे’ या नावाने प्रसिद्ध झाल्या.

रानड्यांनी मत मागे ठेवले आणि वडील राखले. कर्व्यांनी मत राखले. त्याचे मोल मुरूडात चुकते झाले. गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या उत्कर्षासाठी त्यांनी पैपैचा फंड उभारला होता, त्याच गावात त्यांच्या पंक्तीला बसणे निषिद्ध ठरले. ते घरी उतरले तर घरच्यांनाही वाळीत टाकण्याचा धाक होता. अशा वेळी गावात राहणाऱ्या वृद्ध आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल? पुण्यातल्या मुलाला निदान समविचारी मित्र होते. आईला मात्र त्याच आळीत, त्याच विहिरीवर, त्याच बायकांत रोज वावरावयाचे होते. सुधारकांच्या चरित्रांत या मातांची पाने फार थोडी असतात.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, नंतर हिंगण्याची संस्था, १९१६ साली महिला विद्यापीठ. १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, अण्णासाहेब कर्व्यांना ‘भारतरत्न’ लाभले. बहिष्कारापासून त्या सन्मानापर्यंत पासष्ट वर्षे लागली.

पण घराची कथा येथे संपत नाही. अण्णासाहेबांचा ज्येष्ठ पुत्र रघुनाथ, १८८२ सालचा. तोही गणिताचा प्राध्यापक झाला. वडिलांच्या संस्थांची वाट मात्र त्याने धरली नाही. स्वतःचीच वाट काढली. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. नोकरी गेली, अश्लीलतेच्या आरोपावरून खटले झाले, दंड झाले. मासिक मात्र १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालू राहिले. विधवाविवाहासाठी वाळीत पडलेल्या पित्याच्या पुत्राचे विचार पित्याच्या पिढीतील सुधारकांनाही झेपण्यासारखे नव्हते. एका घराच्या तीन पिढ्या पाहा : आजीला मुलाचे वागणे अधर्म वाटावे, तोच मुलगा देशाला वंद्य व्हावा, आणि त्याच्या मुलाचे बोलणे पुन्हा समाजाला असह्य व्हावे. आणि ज्या कार्यासाठी रघुनाथरावांना दंड झाले, तेच कार्य १९५२ पासून सरकारने स्वतः अंगावर घेतले!

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, तरुण नेहमी बरोबर आणि वृद्ध नेहमी चूक. तसे नाही. नवे ते सारे टिकत नाही, आणि जुन्यातील पुष्कळसे सोने आपण मोडीत घालतो, हेही तितकेच खरे. पण आपण ज्याला ‘परंपरागत’ म्हणून कवटाळतो, ते किती जुने असते, हे तपासण्याची सवय वृद्धांनी लावून घेतली पाहिजे. मुलींच्या विवाहाच्या वयाचेच पाहा. संमतिवय दहावरून बारा करण्याचा कायदा १८९१ साली आला तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. १९२९ सालच्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहाचे वय चौदा ठरविले, १९४९ साली ते पंधरा झाले, १९७८ साली अठरा. आज आपल्यापैकी कोणीही आपली नात बाराव्या वर्षी बोहल्यावर उभी करणार नाही. आपल्या आजीच्या दृष्टीने आपण सारेच बुडालेले आहोत!

येथवर इतिहास झाला. आता थोडे स्वतःविषयी लिहितो. लिहिण्यास संकोच वाटतो, पण लिहिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या कन्येने ज्ञातीबाहेरील मुलाशी विवाह करण्याचा मनोदय मला सांगितला. मुलगा सुशिक्षित, निर्व्यसनी. नाव ठेवण्यास जागा नव्हती. तरीही मी म्हणालो, ‘मग या घराशी तुझा संबंध राहिला नाही.’ गोविंदराव रानडे जे बोलले तेच मी बोललो, आणि तेही बहिष्काराची कसलीच भीती उरलेली नसताना! माझ्या घरी भटजी येणार होता, खांदा द्यावयास माणसे होती. मला भीती होती ती केवळ संमेलनात चार माणसे काय म्हणतील याची. कन्येने नोंदणी पद्धतीने विवाह केला. मी गेलो नाही. तिची आई एकटी गेली.

तीन वर्षे आम्ही बोललो नाही. त्या काळात रमाबाईंचे पुस्तक पुन्हा हाती आले. वर्गात त्याविषयी मी अनेकदा बोललो होतो, आणि प्रत्येक वेळी मनाने माधवरावांच्या बाजूने उभा होतो. या खेपेस वाचताना ध्यानी आले की, मी त्या गोष्टीत आहे खरा, पण माधवरावांच्या जागी नाही. दुसऱ्या दिवशी मी कन्येच्या घरी गेलो. तिने दार उघडले, पाणी दिले आणि ‘बाबा, जेवून जा,’ एवढेच म्हटले. मी जेवून आलो.

म्हणून दोन्ही पिढ्यांना एकेक विनंती करतो. तरुणांनो, आपले मत अवश्य राखा; पण त्याची झळ घरात कोणाला लागते ते पाहा, आणि शक्य तेवढी स्वतः सोसा. आणि वृद्धांनो, मतभेद झाला म्हणून संबंध तोडण्याचे शस्त्र उपसू नका. रानड्यांच्या घरात ते शस्त्र चालले. पण ज्या सुधारणेला अडविण्यासाठी चालले, ती सुधारणा अडली नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही एक सुचवावेसे वाटते. आपल्या कुटुंबसूचीच्या नव्या आवृत्तीचे काम चालू आहे. ज्ञातीबाहेर विवाह केलेल्या मुलींची नावे मागील आवृत्तीत गाळली होती. माझ्या कुटुंबाची माहिती मीच भरून दिली होती, आणि धाकट्या कन्येचे नाव मीच लिहिले नव्हते. यंदाच्या अर्जावर ते लिहिले आहे, जावयाच्या नावासह. कार्यकारिणीने ते छापावे, आणि इतर कुटुंबांनीही आपापल्या अर्जावर आपापल्या लेकींची नावे लिहावीत, ही नम्र प्रार्थना.