तळटीप : स्थिर सायकल आणि ट्रेडमिल
कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता (व्हीओटू मॅक्स) कोणत्या यंत्रावर मोजली, हे न सांगता दिलेला आकडा अपुराच. एकाच व्यक्तीचा सायकलवरचा आकडा ट्रेडमिलपेक्षा साधारणतः ५ ते २० टक्क्यांनी कमी भरतो. धावताना अधिक स्नायू कामाला लागतात. सायकलवर मात्र पुरता दम लागण्याआधीच मांड्या भरून येतात आणि पाय थांबतात. सायकलची सवय नसलेल्यांत ही तफावत मोठी असते, मुरलेल्या सायकलपटूंत ती जवळजवळ उरत नाही. सायकलचे खरे बळ वेगळे : केलेल्या कामाचा दर थेट वॅटमध्ये कळतो, धड स्थिर राहिल्याने ईसीजीची रेघ स्वच्छ उमटते, रक्तदाब घेणे सोपे जाते. गुडघेदुखी किंवा तोल जाण्याची भीती असलेल्यांना तीच बरी. ट्रेडमिलच्या प्रचलित ब्रूस पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेग व १० टक्के चढाने होते आणि दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढतात. रुग्णाने कठडा घट्ट धरला, की पायांवरचा भार हलका होतो आणि टिकलेल्या वेळेवरून काढलेली क्षमता फुगते; अहवालात ही नोंद असायलाच हवी. सहा महिन्यांनी प्रगती पाहायची, तर यंत्र व पद्धत तीच ठेवावी.