कात्री आणि सांधा : कोल्हापूरच्या चित्रपटांची जुळणी

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० सालीं पुण्यास दाखविण्यांत आला. त्यांतील कीचकवध इतका हुबेहूब वठला होता कीं, पुढें तो प्रसंग काढून टाकावा लागला. पडद्यावर मस्तक धडावेगळें होतें तें बहुधा सांध्याच्या बळावर. नट उभा असतां कॅमेरा थांबवावयाचा, त्याच्या जागीं पुतळा ठेवावयाचा आणि मागाहून दोन्ही तुकडे असे जोडावयाचे कीं मधली फट कोणास कळूं नये, ही त्या धंद्यांतील जुनी युक्ति. तरीहि जुन्या चित्रपटांविषयीं बोलतांना नट आणि रंगविलेले देखावे यांचेंच कौतुक होतें. कापणाराचें नांव क्वचित् निघतें.

बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगविणारे. त्यांनीं आपला कॅमेरासुद्धां कोल्हापुरांत घरींच तयार केला. त्या काळीं दांडा हातानें फिरवून चित्रें घेत. एका फुटांत सोळा चित्रें. सेकंदास सुमारें सोळा या गतीनें हजार फूट फीत सोळा-सतरा मिनिटें चाले. अंधाऱ्या खोलींत फीत धुतली कीं तिच्यावर उलट चित्र उमटे, पांढरें तें काळें. शहाणा कारागीर या मूळ फितीला शेवटपर्यंत कात्री लावीत नसे. तिची सुलट प्रत काढून तिचे तुकडे करी आणि अंक पाहून ते ओळीनें टांगी. नट जेथें अडखळला तो तुकडा बाजूस पडे. उरलेले जोडून एकदां पडद्यावर पाहिले म्हणजे खरें काम सुरू होई. पावलें दारापर्यंत आलीं. आतां दार दाखवावें कीं दारांत उभा असलेला सावकार? कथेचा जीव अशा ठिकाणीं असतो.

सांधा करतांना टोकावरील लेप पात्यानें खरवडीत, चिकटविण्याचें द्रावण लावीत आणि दुसरें टोक त्यावर दाबून धरीत. द्रावण कमी पडलें तर भर खेळांत फीत तुटे आणि पिटांतून शिट्ट्या सुरू होत! सर्व मनासारखें झालें कीं त्या प्रतीबरहुकूम मूळ फीत कापीत.

१९२९ सालीं कोल्हापुरांत 'प्रभात' निघाली आणि १९३२ सालीं तिचा 'अयोध्येचा राजा' मराठींत व हिंदींत बोलूं लागला. बोलपटाची गति सेकंदास चोवीस चित्रें. आवाज वेगळ्या फितीवर घेतला तर दोन्ही फिती जुळवावयास खूण हवी, म्हणून दृश्यारंभीं लांकडी फळ्या आपटीत. फळ्या मिटल्याचें चित्र आणि त्यांचा आवाज एका रेषेंत आणीत. पूर्वी तुकडा कोठेंहि तोडतां येई. आतां शब्द अर्धवट तुटूं लागला.

ही नायट्रेटची फीत भडकन् पेटणारी. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ सालीं झालेल्या जाळपोळींत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. 'मीठभाकर' हा चित्रपट त्यांना पुन्हां उभारावा लागला.

आज संगणकावर कापलेला तुकडा बोटाच्या खुणेनें परत येतो, कारण मूळ चित्रण तसेंच राहतें. बाबूरावांच्या मूकपटांपैकीं 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' यांचे कांहीं भाग उरले आहेत. 'सैरंध्री'चा मात्र कापलेला कीचकवधहि नाहीं आणि ज्यांतून तो कापला ती फीतहि नाहीं.